एकच विहीर, दोन नायिका: पहिल्या रहस्यकादंबरीसाठी पोलीस पाटील की खासगी गुप्तहेर?

गेली दोन वर्षं मी एकाच मरणावर लिहितेय. सांगलीच्या खानापूर तालुक्यातलं गाव, उसाला पाणी पाजायला रात्री रानात गेलेला शेतकरी, आणि सकाळी विहिरीत त्याचं प्रेत. गोष्ट तीच ठेवून मी दोन खर्डे केले. एकात तपास करते गावची पोलीस पाटील, दुसऱ्यात विट्यात खोली भाड्यानं घेऊन बसलेली खासगी गुप्तहेर. ज्यांना पहिल्याच कादंबरीत आपल्याकडची बाई तपासाला लावायची आहे, पण या दोघींपैकी कोण हे ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा कौल गुप्तहेर बाईला आहे, पण तो सहजासहजी पडलेला नाही.

पोलीस पाटील आधी सुचते, आणि ते बरोबरच आहे. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं तिला पद दिलंय, प्रांत तिची नेमणूक करतात, आणि गावात कुणाचं संशयास्पद मरण झालं तर ठाण्याला कळवणं हे तिचं कर्तव्यच आहे. त्यामुळं ती विहिरीवर का आली, हे वाचकाला समजावत बसावं लागत नाही. माझी चुलत जाऊ हे काम करते. पहाटे चार वाजता दार वाजलं तरी ती आधी वही घेते, मग पायात चप्पल. वही रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. मी ती वही पाहिलीय. एका नोंदीत तिनं फक्त इतकंच लिहिलं होतं : ‘मोटर चालू. पाणी बांधावरनं वाहतंय. पेटीचं दार बंद.’ पेटी म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या स्टार्टरची. माझी अख्खी कादंबरी त्या तीन वाक्यांतून निघाली.

कारण असं बघा. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की लोक दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारात जातात. पण हल्ली बऱ्याच जणांनी पेटीला मोबाईल ऑटो बसवलेत. पेटीतल्या सिमला घरून फोन लावला की मोटर सुरू होते. माझ्या गोष्टीतल्या शेतकऱ्याकडं हा ऑटो आहे. भाऊ म्हणतो, ‘मोटर चालू कराय गेला आन् पाय घसरला.’ घरात बसून मोटर चालू होत असेल तर तो विहिरीवर कशाला गेला? हा प्रश्न शहरातल्या तपासनिसाला उशिरा पडेल. गावातल्या बाईला पेटी बघताक्षणी पडतो.

इथवर पोलीस पाटील सरस. माझा खर्डा अडला तो पुढं. तिनं ठाण्याला कळवलं की तपास तिच्या हातातून जातो. 1 जुलै 2024 पासून असा आकस्मिक मृत्यू भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली नोंदतात. पंचनामा, शवविच्छेदन, जबाब हे सगळं पोलिसांचं. ती बाजूला उभी राहते. नायिकेला स्वतः काही करायला लावावं, तर ती पदाच्या बाहेर जाते. न करावं, तर कादंबरी हवालदाराची होते. शिवाय ती त्याच गावात नांदणारी सून. ज्या घरावर संशय, ते भावकीतलं. थोरल्या माणसांपुढं पदर सावरून तिला ‘दादा, त्या रात्री कुठं होतासा?’ असं विचारावं लागतं. हा ताण फार मोलाचा आहे, एका कादंबरीला पुरून उरेल. पण दुसरा खून कुठं घालणार? एकाच गावात किती प्रेतं सापडवाल?

खासगी गुप्तहेर बाईचं उलटं आहे. तिला अधिकार कसलाच नाही. या धंद्याला देशात परवान्याचा कायदाही नाही; 2007 साली राज्यसभेत मांडलेलं विधेयक कायद्यापर्यंत पोचलंच नाही. कुणाच्या फोनचे तपशील कंपनीतून काढून घेणं हा तर सरळ गुन्हा, 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी अशाच प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. नवीन लेखक इथंच घसरतो, नायिकेच्या ‘ओळखीच्या माणसाकडून’ कॉलची यादी मागवतो. तसं करू नका. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात मयताची बायको स्वतः कपाटातला फोन काढून देते, आणि त्यात ‘मोटर’ नावाच्या नंबरला रात्री एक वाजून दहा मिनिटांनी लावलेला फोन दिसतो. फोन घरात, माणूस विहिरीत. कायद्याची अडचण पाळली म्हणून हा प्रसंग मला सापडला.

खरी अडचण वेगळीच : खेड्यात गुप्तहेर बोलावतं कोण? सोयरीक जुळवताना मुलाची चौकशी आत्या-मावश्याच करतात. याचं उत्तर सांगलीच्या या पट्ट्यात आयतं मिळतं. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पसरलेत. रान इथं, माणूस कोइमतूरला. माझी पक्षकार अशीच एक लेक आहे, मयताची बहीण, नवऱ्याचं गलाईचं दुकान तिकडं. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं आणि ज्या माळाकडं कुणी बघत नव्हतं त्याला भाव आला. भावाच्या दिवसांना आली तेव्हा दुसऱ्या भावानं तिच्याकडून हक्कसोडीवर, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही घेतली. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका वाटा दिलाय, वडील त्याआधी वारले असले तरी तो आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. तरीही ‘बहिणीनं मागू नये’ हे घराघरात चालतं. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. माझ्या नायिकेला तेवढेच दिवस आहेत, कादंबरीही तेवढ्याच दिवसांची.

आणि भाषा. पोलीस पाटलाला गाव ओळखतं, त्यामुळं तिच्याशी लोक जपून बोलतात. परकी बाई पारावर दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘कुनाकडं आलासा?’ ती कुणाचं नाव घेते, त्यावर पुढची सगळी उत्तरं ठरतात. मी तिला एका घराची पाहुणी म्हणून आत नेली आणि त्याच गल्लीतलं दुसरं घर तिला कायमचं बंद झालं. असे डाव पोलीस पाटलाच्या खर्ड्यात मला एकदाही खेळता आले नाहीत.

जागेचं थोडक्यात. तुमची गोष्ट साताऱ्याच्या पाटण खोऱ्यातल्या वाडीत घडत असेल, पावसात रस्ता तुटतोय, फोनला रेंज नाही, ठाण्याचा माणूस यायला दुपार होते, तर पोलीस पाटीलच घ्या. ते काही तास तिचे एकटीचे असतात आणि त्यातच कादंबरी उभी राहते. सगळी गोष्ट एका रात्रीची असेल तरीही तीच. पण जमीन, वाटण्या, बाहेरगावचा पैसा आणि पुढं आणखी दोन-तीन पुस्तकं मनात असतील, तर तालुक्याच्या गावात खोली घेऊन बसलेली खासगी गुप्तहेर घ्या.

पोलीस पाटलाचा खर्डा मी फाडलेला नाही. आता लिहितेय त्यात ती चौथ्या प्रकरणात येते. गुप्तहेर बाई तिच्या ओट्यावर बसते, चहा होतो, ती काहीच सांगत नाही. निघताना फक्त म्हणते, ‘ताई, त्या दिशी पेटीचं दार बंद हुतं. एवढंच मी ठाण्यात लिवून दिलतं.’