झाडीपट्टीतलं वादाचं नाटक: सेन्सॉर करून सिनेमा की सरळ ओटीटी?

झाडीपट्टी म्हणजे आमचा पूर्व विदर्भाचा धानाचा पट्टा, इथं मंडपात रात्रभर नाटकं चालतात. तिथल्याच वडशाकडच्या एका मित्राचं, करणीच्या संशयावरून पंचांपुढं आणलेल्या म्हातारीचं नाटक आहे, गावोगावी त्यावर भांडणं झाली, आता त्याला सिनेमा करायचाय अन् थिएटर की ओटीटी यात तो अडकलाय. तसं कोणी अजून अडकलं असेल म्हणून लिहितो.

पहिले हे डोक्यातून काढा की नाटकाचं सर्टिफिकेट सिनेमाला चालते. नाटकाची संहिता राज्याचं परिनिरीक्षण मंडळ कागदावर वाचते, सिनेमा मात्र केंद्राचं सेन्सॉर बोर्ड पूर्ण झाल्यावर पाहते. फरक लय मोठा आहे भाऊ. कागदावर एकच ओळ, 'म्हातारीला ओढत आणतात'. धानाच्या बांधीतल्या मंडपात रात्री दोन वाजता तो प्रसंग मी मागून पाहिला, दिसलं फक्त तिचं लुगडं, बाकी सगळा तिचा आवाज. कॅमेरा तर मुठीतले केस दाखवेल.

सेन्सॉरकडे गेलात तर यू (सगळ्यांना), यूए (लहान पोरांना पालकांच्या सल्ल्यानं) नाहीतर ए (फक्त अठरा वर्षांवरच्यांना), अन् २०२३ च्या दुरुस्तीपासून यूए मध्येही ७, १३, १६ वर्षांचे भाग. कट सांगितले तर बोर्डाचीच फेरतपासणीची रिव्हायझिंग कमिटी आहे, पण अपिलाचं ट्रिब्युनल २०२१ मध्येच बंद झालं, त्यापुढे हायकोर्ट, म्हणजे वकील, तारखा अन् पैसा. मांत्रिकाच्या हातात खरी कोंबडी दाखवणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधीच घ्या, हे लोकं हमखास विसरतात.

ओटीटीला आधी सेन्सॉर नाही, वयाचं वर्गीकरण तेच करतात, पण वादाचा विषय म्हटला की प्लॅटफॉर्मवाले स्वतःच घाबरतात. यूट्यूबवर अख्खा टाकता येते, पण केस तिथंही होऊ शकते.

मला विचाराल तर सर्टिफिकेटच घ्या. गावात पडदा लावून लोकांना दाखवायचं तर ते लागतेच, अन् हे नाटक ज्यांची गोष्ट सांगते त्या बाया मोबाईलवर दोन तास बसणार नाहीत, मंडपात रात्रभर बसतात. शिवाय पास झालेला सिनेमा कोणाच्या धमकीला घाबरून दाबता येत नाही, सरकारनं संरक्षण द्यावं, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच सांगितलंय. ए मात्र टाळायचा प्रयत्न करा, नाहीतर कॉलेजातल्या सतरा वर्षांच्या पोरी बाहेर राहतील, अन् त्यांनी तर हे पाहायलाच पाहिजे. ओढत आणायचा प्रसंग मला मंडपात दिसला तसाच घ्या, दुरून, आवाजावर, तो तसाच जास्त लागते.

पण शेवटी म्हातारी पंचांना एकेकाच्या नावानं हाक मारून विचारते ना, 'तुह्या मायच्या बाळंतपणाले कोण आलं होतं?', ते वाक्य सोडायचं नाही. मित्र म्हणते त्यासाठी हायकोर्टात जाईन. मग वकिलाचे पैसे शूटिंगच्या बजेटात आत्ताच धरा.