खेळाडू विकत घ्यायचे की डावपेच लढवायचे? हॅटट्रिक, टॉप इलेव्हन आणि फुटबॉल मॅनेजरचा हिशोब

ऑनलाइन फुटबॉल मॅनेजरचे, म्हणजे आपण व्यवस्थापक होऊन संघ चालवायचे, गेम नव्याने सुरू करणारा पहिल्याच आठवड्यात एका प्रश्नाशी अडतो. हाताशी आहेत ते पैसे चांगल्या खेळाडूंवर लावायचे, की आहे त्या संघावर डावपेच लढवून निभवायचं? याचं उत्तर प्रत्येक गेममध्ये वेगळं आहे, त्यामुळे आधी गेम निवडा आणि मग पैशाचं ठरवा.

हॅटट्रिक हा यातला जुना, १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला. यात मैदानावर धावणारे खेळाडू दिसत नाहीत. सामना वाचायचा असतो. प्रत्येक संघाची सात रेटिंग्ज निघतात: एक मिडफिल्डचं (मैदानाच्या मधल्या पट्ट्याचं), तीन बचावाची (डावा, मधला, उजवा) आणि तीन आक्रमणाची. मिडफिल्डवरून चेंडू कोणाकडे जास्त राहणार आणि पर्यायाने कोणाला किती संधी मिळणार हे ठरतं. त्या संधीचा गोल होतो की नाही, हे तुमचं आक्रमण आणि समोरच्याचा बचाव यांच्या तुलनेवर.

डावपेचाने या आकड्यांची थोडीफार हलवाहलव करता येते. मुळातले आकडे मात्र खेळाडूंच्या कौशल्यातूनच येतात. काउंटर अटॅकचंच पाहा. मिडफिल्डमध्ये तुम्ही हरत असाल तरच तो लागू होतो. समोरच्याचा हल्ला तुमच्या बचावाने मोडून काढला की उलट हल्ल्याची जादा संधी मिळू शकते. पण हा पर्याय निवडल्याबरोबर तुमचं मिडफिल्ड ७ टक्क्यांनी घसरतं, आणि तो किती जमेल हे बचावपटूंच्या पासिंग आणि डिफेंडिंगवर अवलंबून असतं. त्यातही पासिंगला दुप्पट वजन. नवखे इथे दोन प्रकारे फसतात. एकतर पासिंगचा गंध नसलेल्या बचावपटूंना घेऊन काउंटर खेळतात, नाहीतर समोरचा संघ दुबळा निघतो, मिडफिल्ड आपणच जिंकतो आणि ते ७ टक्के फुकट जातात. म्हणजे हा डाव खेळायचा तर त्याला लागणारे खेळाडू कित्येक महिने आधीपासून घडवावे लागतात. हॅटट्रिकमध्ये गुणवत्ता आणि डावपेच वेगळे काढायला गेलं की घोळ होतो तो इथेच.

त्यामुळे हॅटट्रिकमधला खरा डावपेच ट्रेनिंगच्या पानावर असतो. एका वेळी एकच मुख्य कौशल्य शिकवता येतं. समजा प्लेमेकिंग (खेळ रचण्याचं कौशल्य) निवडलं, तर मधले मिडफिल्डर पूर्ण शिकतात आणि विंगर, म्हणजे कडेने खेळणारे, अर्धं. आठवड्यात लीगचा एक सामना आणि मधल्या वारी एक मैत्रीपूर्ण सामना असतो. एका खेळाडूची आठवड्यात जास्तीत जास्त ९० मिनिटंच ट्रेनिंगला धरली जातात. म्हणून लीगमध्ये तिघे आणि मैत्रीपूर्ण सामन्यात दुसरे तिघे खेळवले, तर सहा जण पूर्ण शिकतात. दोन्हीकडे तेच तिघे उतरवले की अर्धं ट्रेनिंग वाया. सतरा-अठरा वर्षांची पोरं सर्वांत लवकर शिकतात. वय वाढतं तसा वेग मंदावतो. थोडा वाटा दमसासालाही ठेवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या हाफमध्ये रेटिंग खाली येतं आणि हातातला सामना निसटतो.

खरेदी करताना गर्दीचा नियम विसरू नये. मधल्या जागांवर एकाच प्रकारचे जितके खेळाडू, तितका प्रत्येकाचा उपयोग कमी. खेळणाऱ्यांनी काढलेल्या हिशोबात दोन मधले मिडफिल्डर असतील तर प्रत्येकाचा सुमारे ९३.५ टक्के उपयोग होतो आणि तिघे असतील तर ८२.५ टक्के. तिसऱ्याची निव्वळ भर ०.६ खेळाडूएवढी, पगार मात्र पूर्ण. शिवाय कौशल्य वाढेल तसा पगार फार चढत जातो. तिसरा महागडा मिडफिल्डर आणण्याआधी विंगरच्या जागा तपासाव्यात.

सामन्याच्या दिवशी डोकं चालवायला वाव आहे, पण तो दोन-तीन ठिकाणीच. हल्ल्यांची वाटणी साधारण ३५ टक्के मधून, २५-२५ टक्के दोन्ही बाजूंनी आणि १५ टक्के सेट पीसमधून (फ्री किकसारख्या थांबलेल्या चेंडूवरून) होते. समोरच्याच्या आधीच्या सामन्यांची रेटिंग्ज उघडून बघता येतात. त्याचा उजवा बचाव सतत कच्चा दिसला, तर आपला सरस विंगर डावीकडे टाका. दुसरा वाव आहे ‘मोसमातला सामना’ म्हणून सगळं पणाला लावण्याचा. मिडफिल्ड झटकन वर जातं आणि नंतर संघाचा उत्साह निम्म्यावर येतो. हे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वापरणारे पुढचे कितीतरी आठवडे त्याची किंमत मोजतात. १४ फेऱ्यांच्या मोसमात हा पत्ता पदोन्नतीच्या किंवा घसरणीच्या सामन्यासाठी राखून ठेवावा.

टॉप इलेव्हनचं गणित उलटं आहे. बेलग्रेडच्या नॉर्डियस कंपनीचा हा गेम २०१० पासून चालू आहे. मोसम २८ दिवसांचा असतो, आणि तो संपला की प्रत्येक खेळाडूची गुणवत्ता २० टक्क्यांनी, म्हणजे एका ताऱ्याने, उतरते. विकत घेतलेली गुणवत्ता इथे महिन्याला झिजते. तिशीतला नामांकित खेळाडू मोसमाच्या शेवटी घेणं म्हणजे पैशाचं पाणी. घ्यायचाच तर १८-१९ वर्षांचा, ट्रेनिंगला लवकर प्रतिसाद देणारा, आणि मोसमाच्या सुरुवातीला. लिलावात बोलीच्या प्रत्येक फेरीला टोकन (गेममधलं चलन) जातं. दोघे हट्टाला पेटले की खेळाडू मिळूनही टोकनची पेटी रिकामी. पैसे न घालता खेळणाऱ्याला तारून नेतो तो फॉर्मेशनचा, म्हणजे मैदानावरच्या मांडणीचा, अभ्यास: समोरचा कुठे मोकळा आहे ते आधी बघायचं, आपला माणूस त्याच्या नेमक्या जागेवरच ठेवायचा, आणि दमलेल्याला बसवायचं. परक्या जागेवर टाकलेला पाच ताऱ्यांचा खेळाडूही साधा वाटू लागतो.

‘फुटबॉल मॅनेजर’ याच नावाचा गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळत असाल, तर डावपेचाला सगळ्यात जास्त किंमत तिथेच मिळते. खेळाडूचे गुण १ ते २० मध्ये दिसतात. आतली सध्याची आणि संभाव्य क्षमता २०० पर्यंतच्या आकड्यात असते आणि ती उघड दाखवली जात नाही. सातत्य आणि मोठ्या सामन्यातला धीर हेही लपलेले गुण. तोच संघ घेऊन बचावाची रेषा वर-खाली केली, प्रेसिंग (चेंडूवाल्यावर दबाव टाकणं) वाढवलं-घटवलं, तरी निकाल पालटतात. मात्र डावाशी संघाची ओळख हळूहळू वाढते, आणि दर हरलेल्या सामन्यानंतर डाव बदलणाऱ्याची ती कधी पुरी होत नाही. एक मुख्य डाव पक्का करा, त्याचीच जरा सावध आवृत्ती डाव साठवायच्या दुसऱ्या जागेत ठेवा, आणि खेळाडू त्या दोन्हींत बसतो का हे बघूनच पैसे सोडा.