छोटं पीसीआर मशीन, आठ महिन्यांनंतर: झाकणाचं काय करायचं?

मंगळवारी याचं झाकण तिसऱ्यांदा गार पडलं, म्हणून लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही. ३२ खाचांचं, मिक्सरएवढं मशीन, ट्यूबमधलं द्रावण तापवून-गार करून डीएनएच्या प्रती वाढवणारं. ज्यांनी घेतलंय ते ओळखतील.

आमचं काम कोकण किनाऱ्यावर मरून लागलेल्या हंपबॅक डॉल्फिनच्या कातडीवर. वनखात्याची परवानगी, मग टिकावा म्हणून डीएमएसओ (एक रसायन) आणि मिठाच्या पाण्यात तुकडा, मग डीएनए. रत्नागिरीकडचे आणि मालवणकडचे डॉल्फिन एकमेकांत मिसळतात का, एवढंच शोधायचंय. डी-लूप, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा एक भाग, आईकडूनच येतो, त्यामुळे भटकून आलेल्या नरांची इथे पिल्लं झाली तरी त्या पिल्लांत बापाचा माग दिसत नाही. त्यासाठी मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणाऱ्या अक्षरांचे छोटे पट्टे, आईबाप दोघांकडून येणारे) लागतात आणि म्हणूनच मशीन दिवसभर चालू.

आता झाकण. ते १०५ अंशांवर राहायला हवं, नाहीतर वाफ ट्यूबच्या टोपणाला जाऊन बसते. कोपऱ्यातल्या चार खाचांत २५ मायक्रोलिटर घातलं की तळाशी उरतं जेमतेम आठ-नऊ. बाकीचं वर, गरम भाताच्या डब्याच्या झाकणाला घाम येतो तसं. सर्व्हिसवाल्यांचं पहिलं उत्तर, "सर, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार." स्टॅबिलायझरचा फोटो पाठवला. मग ४,५०० रुपये व्हिजिट चार्ज घेऊन एक जण आला, झाकण उघडलं, बंद केलं, "आता बघा" म्हणाला. नऊ दिवस चाललं.

तिसऱ्या महिन्यात मी याला एकच स्टार देणार होतो. लांब अ‍ॅलील (मायक्रोसॅटेलाइटचं आईकडून किंवा बापाकडून आलेलं रूप) येतच नव्हते. आलेखात जिथे दोन शिखरं हवीत, एक आईचं आणि एक बापाचं, तिथे एकच. खापर अर्थातच झाकणावर फोडलं. तेच नमुने मित्राच्या महागड्या मशीनवर लावले, तर तिथेही एकच! दोष मशीनचा नव्हता, चार दिवस उन्हात कुजलेल्या डॉल्फिनचा होता. डीएनएचे तुकडे झाले की छोटा अ‍ॅलील वाचतो, मोठा गळतो. डी-लूप मात्र छान आला होता, कारण एका पेशीत मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या शेकडो प्रती असतात. हे लक्षात आलं नसतं तर दोन किनाऱ्यांचे डॉल्फिन वेगळे असल्याचं आम्ही छापून मोकळे झालो असतो आणि तो वेगळेपणा निव्वळ कुजण्याचा निघाला असता. आता प्रत्येक नमुना तीनदा लावतो. एन्झाइमचं बिल तिप्पट, पण ते मशीनच्या खात्यावर टाकता येत नाही.

काम नीट जमलं तर काय हाती लागतं, तेही सांगतो. २०१४ साली ओमानच्या हंपबॅक देवमाशांवर याच दोन प्रकारच्या मार्करांनी (मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आणि मायक्रोसॅटेलाइट) काम झालं. अरबी समुद्रातला तो कळप दक्षिणेकडच्यांपासून सुमारे ७०,००० वर्षं तुटलेला असावा, असा अंदाज निघाला. हे आठवलं की पुन्हा ट्यूब भरायला बसतो.

तर झाकण. नवीन हवं तर ३८,००० रुपये, म्हणे! मशीनच १,४०,००० चं. शेवटी आमच्या जुन्या मॅडम म्हणाल्या, "अरे, आमच्या वेळी कुठे होती गरम झाकणं? मिनरल ऑइलचा थेंब टाकायचो वरून." टाकला. पहिल्याच फेरीत कोपऱ्यातल्या ट्यूबमध्येही माल जागच्या जागी. पिपेटचं टोक तेलकट होतं, जेल भरताना हात बुळबुळतो, पण चालतंय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार तेलाच्या बाटलीचा, तीही मीच आणलेली.