वाळवणासाठी घेतलेलं हवामानयंत्र : चित्राकडे बघू नका, आकडा बघा

वाईत आमचा पापड-कुरडयांचा घरगुती उद्योग आहे. उन्हाळाभर गच्ची वाळवणानं भरलेली असते आणि वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून घातलेली कुरडई एकदा भिजली की गेलीच. म्हणून साडेतीन हजारांच्या आतलं एक हवामानयंत्र ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीची यंत्रं डझनभर नावांनी विकायला आहेत.

खोक्यात एक पडदा निघतो, तो घरात ठेवायचा. दुसरी पांढरी डबी बाहेर टांगायची. तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, गेल्या चोवीस तासांच्या दाबाचा छोटा आलेख आणि वर कोपऱ्यात अंदाजाचं चित्र: सूर्य, ढग किंवा पाऊस. मी पैसे मोजले ते या चित्रासाठी.

चित्र निव्वळ थापाड्या आहे. मार्चमधलं कोरडं ठणठणीत आकाश, आणि हे रोज दुपारी तीन-चारच्या सुमारास पावसाचं चित्र दाखवणार. सकाळी नऊ-दहाला हमखास सूर्य. सासूबाई म्हणाल्या, "याला ऊन लागतंय गं, सावलीत ठेव." ते सावलीतच होतं.

मग मी चित्र सोडून आलेख बघायला लागले, आणि इथून पुढे हे यंत्र मला आवडायला लागलं. दाबाची रेघ दिवसातून दोनदा वर जाते, दोनदा खाली येते. सकाळी दहाच्या आसपास वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. सकाळ ते दुपार तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे हवेचा दाब मोजायचं माप) फरक. वारा नाही, ढग नाही, तरी हा खेळ रोज ठरलेल्या वेळी. यंत्राच्या आतला हिशोब साधा आहे: दाब चढला की सूर्य, उतरला की पाऊस. युरोपात तो चालतो, कारण तिथं कमी दाबाचं क्षेत्र डोक्यावरून गेलं की आकडा एक-दोन दिवसांत वीस-तीसनं पडतो आणि मागोमाग पाऊस येतो. रोजची ही वरखाली तिथं फार थोडी, त्यामुळे हिशोबात येत नाही. विषुववृत्ताच्या जवळ आलं की ती मोठी होते आणि खरा बदल तिच्याखाली झाकला जातो. मोठं वादळ सोडलं तर आपल्याकडे आकडा त्या मानानं फारसा हलतच नाही.

माझं माहेर दापोलीकडचं. समुद्राच्या भरतीची वेळ आम्ही तिथीवरून काढतो: तिथीची पाऊणपट करायची, अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. चंद्र रोज उशिरा येतो, म्हणून भरतीही पाऊण-एक तासानं सरकत जाते. मला वाटलं होतं ही हवेची भरतीही तशीच सरकेल. पौर्णिमा गेली, अमावास्या गेली, दहाचे दहाच. म्हणजे इथं चंद्राचं काही चालत नाही, मामला सूर्याचा आहे. चंद्रही हवा ओढतोच, पण त्याचा हिस्सा इतका बारीक की माझ्या यंत्राला तो दिसणं शक्य नाही.

आता सूर्य दिवसातून एकदाच तापवतो, तर भरती दोनदा का? नातीनं हे विचारलं आणि मी तीन रात्री मोबाइल घेऊन बसले. थोरामोठ्यांनाही याचं कोडं पडलं होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिननं 1882 मध्ये तर्क केला की वातावरणाचा स्वतःचा झोकाच साधारण बारा तासांचा असावा, म्हणून तेवढीच लाट फुगते. तो टिकला नाही. उलगडा झाला 1960च्या दशकात. सूर्याची उष्णता वर ओझोनचा थर शोषतो आणि खाली हवेतली वाफ. ही तापणी फक्त दिवसा होते, रात्री बंद, त्यामुळे तिच्यात चोवीस तासांच्या लाटेबरोबर बारा तासांचीही लाट असते. चोवीस तासांच्या लाटेत वरच्या-खालच्या थरांचे धक्के बरेचसे एकमेकांना मारून टाकतात. बारा तासांच्या लाटेत सगळे थर जवळजवळ एकाच तालात ढकलतात, आणि ती जमिनीपर्यंत जोरात पोचते. नातीला हे कितपत कळलं माहीत नाही, पण तिनं वहीत आलेख काढून शाळेत नेला.

दुसरी गंमत वळवाची. एप्रिलमधली दुपार, बाहेर 37 अंश, सिद्धनाथवाडीच्या बाजूनं काळं भरून आलेलं. आम्ही चादरी गोळा करतोय, वारा सुटला, टपोरे थेंब, मग गारा. आत येऊन बघते तर दाब एकदम दोननं वाढलेला, तापमान 24, आणि पडद्यावर हसरा सूर्य! बाहेर गारांचा सडा. पण आकडा खरा होता. पडता पडता पावसाचे थेंब कोरड्या हवेत सुकतात, ती हवा गार होते, गार हवा जड, ती धपकन खाली येऊन पसरते. डोक्यावर जड हवा आली की दाब वाढणारच. पाऊस आल्यावर दाब वाढतो आणि यंत्र त्यावरून सांगतं की आता ऊन पडेल. वाळवणवाल्यांनी यावर किती विसंबायचं ते बघा.

पसरणी घाटात हे घेऊन एसटीत बसा, पैसे वसूल होतील. वाईत दाब 930च्या आसपास, पाचगणी स्टँडवर 870. पावणेसहाशे मीटर चढलो आणि साठ उतरले, म्हणजे दर साडेनऊ मीटरला एक. शेजारच्या सीटवरच्या मुलाचं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलं होतं. त्यालाही तेच कारण. वाईला एक चौरस मीटरच्या पाटावर साडेनऊ टन हवा बसलेली असते, पाचगणीला त्यातली पाव टन... नाही, सहाशे किलोहून जास्त कमी होते.

विकत घेणाऱ्यांसाठी कामाचं. सेटिंगमध्ये दोन दाब असतात: एक तुमच्या जागेचा खरा, दुसरा समुद्रसपाटीला आणलेला. दुसरा हवा असेल तर गावाची उंची भरावी लागते, नाहीतर 930 बघून कुणालाही वाटेल चक्रीवादळ आलं. बाहेरची डबी उत्तरेच्या भिंतीला, पत्र्यापासून लांब, डोक्याच्या उंचीला टांगा. उन्हात टांगलीत तर ती हवेचं नव्हे, स्वतःच्या प्लास्टिकचं तापमान सांगते. आर्द्रता चार-पाच टक्क्यांनी चुकते, पण पापडाला तेवढं चालतं. वीसच्या खाली असली की पापड कडेनं लवकर कडक होऊन चिरतो, तेव्हा मी वर सुती कापड टाकते. हा उपयोग मी धरला नव्हता, आणि उद्योगाच्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोठा ठरला. माहितीपत्रक इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. पडद्याचा उजेड रात्री पूर्ण बंद होत नाही.

वळवाची आगाऊ सूचना हवी असेल तर फोनवर हवामान खात्याच्या रडारचं चित्र बघा आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप ठेवा, दोन्ही फुकट आहेत. मी आता तेच करते. यंत्राला पाचपैकी साडेतीन तारे: चित्राला शून्य, आलेखाला पाच, बाकी मधलं. घरात प्रश्न विचारणारं पोर असेल तर आलेखवालंच मॉडेल घ्या. नुसता आकडा दाखवणारं चारशे रुपयांनी स्वस्त मिळतं, ते घेऊ नका.