रिकव्हरी सुरूच होत नाही? जुन्या लॅपटॉपसाठी कोणता मार्ग परवडेल

लॅपटॉप सुरू होताना ठरावीक की दाबली, की कंपनीने त्यात ठेवलेली विंडोजची मूळ प्रत परत बसते, यालाच रिकव्हरी म्हणतात. त्यासाठी एचपीला एफ११, एसरला ऑल्ट धरून एफ१०, एसुसला एफ९, जुन्या तोशिबाला शून्य, लेनोवोच्या काही मॉडेलना तर कडेच्या भोकात टाचणी खुपसायची. सगळं करून झालं, तरी दर वेळी तेच जुनं, रेंगाळणारं विंडोज उघडतं. आता पुढे काय, हे ठरवायचं असेल तर माझं मत आधीच सांगून टाकतो: कंपनीने दिलेली मूळ प्रत परत मिळवण्याची धडपड फार थोड्या लोकांच्या उपयोगाची आहे. बाकीच्यांनी पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकावं, नाहीतर लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळावं.

पण त्याआधी हार्ड डिस्क तपासा. रिकव्हरीचं पार्टिशन, म्हणजे मूळ प्रतीसाठी राखून ठेवलेला भाग, त्याच डिस्कवर असतं, त्यामुळे डिस्क खराब होत आली असेल तर रिकव्हरी अडकणारच. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा. निळ्याऐवजी पिवळा शेरा आला आणि पेंडिंग सेक्टरच्या (वाचता न येणाऱ्या संशयित जागांच्या) ओळीत शून्य नसेल, तर आधी डेटा दुसरीकडे हलवा आणि डिस्क बदला. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) डिस्क असते, तिथे त्याच मापाची एसएसडी बसते. नव्या डिस्कवर मूळ पार्टिशन नसणारच, म्हणजे खालचा पहिला पर्याय आपोआप बाद.

मूळ पार्टिशन जागं करणं

की दाबूनही काही होत नाही याचं साधं कारण कधीकधी फास्ट स्टार्टअप असतं, म्हणजे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपी जाण्याची सोय. शिफ्ट धरून शट डाउन करा आणि पुन्हा एकदा की दाबून पाहा. तरी नाही, तर बहुतेक मधल्या काळात कुणीतरी फॉरमॅट मारून विंडोज टाकलेलं असतं. त्यात बूट रेकॉर्ड, म्हणजे लॅपटॉपने कुठून सुरू व्हायचं याची नोंद, बदलतं, आणि पार्टिशन शाबूत असूनही कीला ते सापडत नाही. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. दहा-वीस जीबीचा, ड्राइव्हचं अक्षर नसलेला एक पट्टा दिसतो का? त्यावर राइट क्लिक केल्यावर नुसतं 'हेल्प' एवढंच येत असेल, तर तोच असण्याची शक्यता आहे. शेजारचा चार-पाचशे एमबीचा रिकव्हरी पट्टा मात्र वेगळा, ती फक्त विंडोजची दुरुस्तीची सोय.

विंडोज ७ च्या काळातल्या एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवर डिस्कपार्ट या विंडोजमधल्याच आज्ञांच्या टूलने हे पार्टिशन 'ॲक्टिव्ह' केलं, की अनेक लॅपटॉप थेट रिकव्हरीत उघडतात. चुकीचं पार्टिशन ॲक्टिव्ह झालं तर मात्र लॅपटॉप मुळीच बूट होणार नाही, म्हणून दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह हाताशी हवा. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर ही युक्ती चालत नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? सगळे ड्रायव्हर जागच्या जागी, पण सोबत मुदत संपलेला अँटिव्हायरस आणि ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला ते विंडोज ७. एखादा जुना स्कॅनर किंवा मशीन फक्त त्याच विंडोजवर चालत असेल, तर हा खटाटोप जरूर करा, आणि लॅपटॉप इंटरनेटपासून दूर ठेवा.

विंडोजचा स्वतःचा रीसेट

विंडोज १० चालू होत असेल तर हा मार्ग एकदा बघायला हरकत नाही. रीसेट करताना अडचण आली, काहीही बदललेलं नाही, असा संदेश आला तर पुन्हा करताना 'क्लाउड डाउनलोड' निवडा. विंडोज १० च्या '२००४' या नंबरच्या आवृत्तीपासून (हे वर्ष नव्हे) ही सोय आहे. त्यात साधारण चार जीबी डाउनलोड होतं आणि डिस्कवरच्या बिघडलेल्या फायलींवर विसंबावं लागत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

कंपनीची प्रत पेन ड्राइव्हवर

कंपनीच्या साइटवर डेलला सर्व्हिस टॅग (लॅपटॉपवरचा ओळख क्रमांक), लेनोवोला सीरियल नंबर दिला की ती प्रत उतरवता येते. एचपीचंही असंच टूल आहे. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा धरून चला. अडचण एवढीच, की फार जुनी मॉडेलं यादीत नसतात. तेवढं बघायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून आधी बघा.

कोरं विंडोज की लिनक्स

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि त्यावर विंडोज उतरवणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, एवढ्यावर भागतं. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज घेऊन आलेल्या लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे कुठे टाइप करावी लागत नाही. फक्त आवृत्ती तीच हवी: मूळ होम सिंगल लँग्वेज असताना प्रो टाकलं तर ॲक्टिव्हेशन अडतं. विंडोज ७ च्या स्टिकरवरची की विंडोज १० ला चालणं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं. वायफायचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, नाहीतर विंडोज तयार पण नेट नाही, अशी गत होते.

खरी अडचण पुढेच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना लॅपटॉप रोज नेटवर वापरायचा असेल, तर मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाकेन. चार जीबी रॅमवर ते बरं चालतं, आणि पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, टचपॅड आधी तपासता येतात. मात्र ३२ बिट प्रोसेसरच्या वाट्याला आता फार थोडं उरलंय, डेबियन १३ या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारानेही त्यासाठीचा इन्स्टॉलर बंद केला.

लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असेल तर एक गोष्ट वेगळी बघावी लागते. मूळ प्रत टाका किंवा कोरं विंडोज, नुसत्या क्विक फॉरमॅटने जुन्या फायली खऱ्या अर्थाने पुसल्या जात नाहीत. रीसेट करताना ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा, किंवा फिरत्या हार्ड डिस्कवर डिस्कपार्टची 'क्लीन ऑल' ही आज्ञा द्या. तिने पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात, रिकव्हरीचं पार्टिशनसुद्धा त्यात जातं, आणि मोठ्या डिस्कला काही तास लागतात. आज्ञा देण्याआधी यादीतला डिस्कचा नंबर दोनदा वाचा, कारण बाहेरून जोडलेली बॅकअपची डिस्कही त्याच यादीत दिसते.