२ इंची लिफ्ट, मोठे टायर आणि वेळेआधी गेलेला क्रॉस: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण दोष गाडीचा नाही असं माझं मत झालंय. लॅडर फ्रेम, डिझेल, पार्ट टाइम फोर बाय फोर (पुढच्या चाकांना जोर हवा तेव्हाच जोडायचा), पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि मागे कॉइल स्प्रिंगवर सॉलिड एक्सल, एवढं पुरे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर २ इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग वगैरे) बसवलं आणि २३५/७०/१६ काढून २६५/७०/१६ चे मड टायर घातले. पूर्ण पावसाळा वेल्हे-भोरच्या बाजूला फिरवली, दिवाळीनंतर कोकणात उतरवली, आता बोलायला हरकत नाही.

किट म्हणून वस्तू चांगली आहे. दगडांच्या वाटेवर पोट घासत नाही, ओढ्यातून चढताना नाक आपटत नाही, स्प्रिंग अजून बसलेल्या नाहीत. पण पावसाळा संपता संपता मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला नेणारा दांडा) पुढचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट, गेला आणि एकूण रनिंग बघता तो अजून कितीतरी टिकायला हवा होता. सुरुवातीला फक्त क्लच सोडताना खालून 'टक' यायचं, मग साठ-सत्तरच्या स्पीडला सीटखाली थरथर सुरू झाली, शाफ्ट खाली काढला तर क्रॉसच्या एका कपातल्या सुयांची (बारीक बेअरिंगची) पार लाल भुकटी झालेली, ग्रीसचा पत्ता नाही.

गॅरेजवाले म्हणाले, साहेब नवीन क्रॉस टाकतो, संध्याकाळी घेऊन जा. पण क्रॉस का गेला हे कळल्याशिवाय नवीन टाकून उपयोग काय? म्हणून डिजिटल अँगल मीटर लावून गिअरबॉक्सच्या बाजूचा आणि हाउसिंगच्या (मागच्या एक्सलचा मधला गोळा) बाजूचा कोन मोजायला लावला, आणि तिथेच सापडलं. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे नव्हते.

हे नीट समजून घ्या. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि दोघांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील तर तो ही गडबड निस्तरतो, हाउसिंगला सरळ फेरे मिळतात. आता एक्सलला जागेवर धरणारे मागचे आर्म तेवढ्याच लांबीचे ठेवून नुसत्या उंच स्प्रिंग घातल्या की एक्सल खाली जाताना थोडा फिरतो, पिनियनचं (हाउसिंगमधल्या ज्या गिअरला शाफ्ट जोडतो त्याचं) तोंड बदलतं, म्हणजे कोन वाढतो तो वाढतोच वर दोन्ही बाजूंना वेगवेगळा होतो. ही थरथर सगळी सुयांवर जाते. ज्यांनी किट विकलं नि बसवलं त्या दुकानात याबद्दल एक शब्द कोणी काढला नाही, आणि याचा मला खरंच राग आहे. क्रॉस धावत्या गाडीत तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं तर गाडी उलटू शकते, माणसं जाऊ शकतात. किटबरोबर अ‍ॅडजस्टेबल आर्म घ्या, कोन मोजून घ्या, एवढं सांगायला काय जातं?

टायरचाही वाटा आहे. ७३५ मिमी व्यासाचा टायर ७७७ चा झाला, म्हणजे साधारण पावणेसहा टक्के मोठा, तेवढाच जास्त जोर चाक फिरवायला लागतो, वर मड टायरचं वजन. ढोबळ हिशेब करू, ३०० न्यूटन मीटरचं इंजिन, पहिला गिअर ४ चा, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जोराचा गिअर) २.५ ची, तर प्रोपेलर शाफ्टवर ३००० न्यूटन मीटरपर्यंत येऊ शकतात. हा जोर हळूहळू आला तर पार्ट सहन करतो. चाक हवेत गरगर फिरतंय, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच, आणि ते धाडकन दगडावर टेकून पकड घेतं तेव्हा एक्सल मोडतात. माझ्या ओळखीतले दोन एक्सल असेच गेले. हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली की एवढी रेस करावीच लागत नाही (डांबरावर येताना परत भरायची).

पुढच्या चाकांना जोर नेणाऱ्या दांड्यांवरचे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, त्यांचं थोडक्यात. लिफ्टमुळे त्यांचाही कोन वाढतो, बूटाच्या (वरच्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकांवर घासतात, फाटलं की लाल चिखल आत आणि मग वळताना कटकट. पुढचं हाउसिंग खाली घेणारे स्पेसर मिळतात, मी ते बसवले, बूट अजून शाबूत आहेत. स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना जोर द्यायचा नाही. आणि कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळणं घ्यायची नाहीत, पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं, मधे तो फरक सोसणारं डिफरन्शिअल नाही, सगळा ताण शाफ्टमध्ये साठत जातो.

नवीन क्रॉस निप्पलवाला (बाहेरून ग्रीस भरता येतं तो) घेतला. सीलबंद क्रॉस आतून पोकळ नसल्यामुळे ताकदीला बरा असं म्हणतात आणि ते बरोबर आहे, पण आपल्याकडे ओढे इतके की पाणी आत गेलं तर ते ग्रीसगनने बाहेर ढकलता आलं पाहिजे, म्हणून माझं मत निप्पलला. चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं, एकातून येत नसेल तर तोच कप उद्या जाणार.

हाउसिंगचा ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करायची नळी) लांब करून वर बॉनेटपर्यंत नेलाय. गरम हाउसिंग गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला, बेअरिंग वाट बघत नाहीत.

लिफ्ट करायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पण वाचा, मूळ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, वॉरंटी आणि इन्शुरन्सवाल्यांनाही आधीच विचारून घ्या.

सध्या आर्म अ‍ॅडजस्टेबल आहेत, दोन्ही कोन जुळवलेत, थरथर पूर्ण गेली, क्लचचा 'टक' पण गेला. किट मी काढणार नाही. पण आर्म आणि पुढच्या स्पेसरचा खर्च किटच्या किमतीत धरूनच बजेट लावा, तेवढं जमत नसेल तर कंपनीच्या उंचीवरच गाडी ठेवून फक्त चांगले टायर घाला.