जुने मोबाइल आणि बॅटऱ्या नेणारी सेवा : आमचा अनुभव

अंबड एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात विक्री विभागाचे ३७ जुने मोबाइल आणि खोकेभर सुट्या बॅटऱ्या दोन वर्षे कपाटात पडून होत्या. भंगारवाला रोख पैसे देऊन सगळे उचलायला तयार होता; परंतु १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम लक्षात घेऊन, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्रापर्यंत माल पोहोचवणाऱ्या नाशिकमधील एका सेवेला आम्ही बोलावले. नोंदणी आधी स्वतः पडताळली. तेवढे कष्ट प्रत्येकाने घ्यावेत.

आलेल्या दोघांचे काम पाहण्यासारखे होते. लिथियम-आयन बॅटऱ्यांची टोके एकमेकांना भिडली तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते, म्हणून त्यांनी प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावली, आणि फुगलेल्या चार बॅटऱ्या वेगळ्या काढून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवल्या. फोनमधील माहिती पुसणे आमच्याकडे होते. तरीही तीन फोनमध्ये सिमकार्डे तशीच सापडली, ही चूक सर्वस्वी आमची.

तक्रार आहे ती माल पुनर्चक्रणाला गेल्याच्या प्रमाणपत्राबद्दल. पंधरा दिवसांत मिळणारे प्रमाणपत्र तिसऱ्या स्मरणपत्रानंतर, सात आठवड्यांनी आले, आणि त्यात बॅटऱ्यांचे वजन स्वतंत्र दाखवलेले नव्हते. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम असल्याने ती नोंद दुरुस्त करून मागावी लागली. पैसेही भंगारवाल्यापेक्षा कमीच मिळाले. तरी पुढच्या खेपेला यांनाच बोलावू; फक्त फोन आणि बॅटऱ्या यांची वेगवेगळी वजने पावतीवर आमच्यासमोर लिहून घेऊ.